पाय ठेवायला जागा

तिला सगळे शिडी म्हणत. शाळेत चिडवायला पडलेलं नाव पुढे पोटापाण्याचं झालं. पडद्यांच्या दुकानात ती कामाला लागली तेव्हापासून मालक गिऱ्हाइकांना फोनवर सांगू लागला, "उद्या सकाळी शिडी पाठवतो," आणि गिऱ्हाईक दार उघडायचं तर समोर एक बाई उभी. एका खांद्याला ड्रिलची पिशवी, काखेत पडद्यांचं गाठोडं, आणि डोकं चौकटीला लागू नये म्हणून सवयीने झुकवलेली मान. काही गिऱ्हाइकं तिच्या मागे जिन्यात डोकावून बघायची, शिडी कुठे राहिली म्हणून.

सहा फुटांना दोन बोटं कमी, अशी तिची उंची होती. तिची आई म्हणायची, हिचं माप घेताना देवाला डुलकी लागली आणि टेप हातातून सुटत गेली. आई हे हसत सांगायची, पण लगेच तिच्या पाठीवर हात दाबून म्हणायची, "वाक जरा." वर्गात शेवटचा बाक, बसमध्ये उभं राहणं, पाहुण्यांपुढे कोपऱ्यातलं स्टूल. अशी ती वाकत वाकतच मोठी झाली.

पडदा लावताना मात्र ती सरळ उभी राहायची. दुसरे कारागीर स्टूल मांडणार, चढणार, पेन्सिल खाली राहिली म्हणून उतरणार, पुन्हा चढणार. ती जमिनीवर उभी राहूनच भिंतीवर खूण करायची, भोक पाडायची, ब्रॅकेट कसायची आणि कड्या ओवलेला रॉड एकटीने उचलून वर ठेवायची. मग मागे सरकून चुण्या सारख्या पडल्यात का ते बघायची. खिडकी कुणाचीही असो, तेवढा वेळ ती तिची असायची. दुकानाच्या माळ्यावर, जिथे ती पडदे शिवायची, तिथलं छत इतकं खाली होतं की मशीनवरून उठताना ती डोक्यावर हात धरूनच उठे. मालकाला तिने एकदा सांगून पाहिलं. मालक म्हणाला, बाई, माळा तुमच्या आधीचा आहे.

तिच्या नवऱ्याला गल्लीत साहेब म्हणत. तो पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होता, आणि निवृत्त झाल्यावरही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वर्तमानपत्र वाचायला बसायचा. उंचीने तो तिच्या खांद्याला लागायचा. लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी त्याला विचारलं होतं, बायको एवढी उंच, चालेल का. तो म्हणाला, "बरंय की, वरचे डबे काढायला कामाला येईल." सगळे हसले. तीही हसली. तो विनोद मग त्यांच्या घरात कायमचा राहायला आला. गॅसचा सिलिंडर आला, हिला सांगा. टाकीचं झाकण सरकवायचंय, हिला सांगा. कपाट हलवायचंय, हिलाच सांगा. साहेबांचा खांदा धरलेला असायचा, म्हणजे काम निघालं की धरायचा. रस्त्याने जाताना तो फुटपाथवरून चालायचा आणि ती खालून, म्हणजे जोडी बरी दिसते. फोटोत ती खुर्चीवर बसायची आणि तो शेजारी उभा राहायचा.

माणूस तसा वाईट नव्हता. पगार घरात द्यायचा, आवाज चढवायचा नाही, कुठलं व्यसन नाही. तिची पंचाईत तीच होती. भांडायला काहीतरी निमित्त लागतं, आणि तो निमित्तच देत नसे. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. तिच्या बाबतीत वाट जरा लांबची होती. आग निघायची, पण गुडघ्यापर्यंत येईतो स्वयंपाकाची वेळ झालेली असायची.

मुलगा नोकरीच्या शहरात स्थायिक झाला होता आणि त्याने नवीन घर घेतलं होतं. घराच्या खिडक्या थेट जमिनीपासून छतापर्यंत. पडद्यांचा खर्च ऐकून तो गार पडला आणि त्याने आईला फोन केला. मापं पाठवतो, तू शिव, आणि येऊन लावूनही दे. तिला आनंद झाला. तिने दुकानातून राखाडी रंगाचं जाड कापड आणलं, त्याला पांढरं अस्तर लावलं, तळाला चांगली रुंद दुमड घातली. कापड लोळण घेईल इतकं लांब होतं. माळ्यावर पसरायला जागा नव्हती म्हणून ती एक टोक जिन्यावरून खाली सोडून शिवत होती. मालक जाता-येता म्हणायचा, बाई, पोराला महाल बांधून देताय का. तिला ते ऐकून बरं वाटायचं.

मग तिकिटं आली. आली नवऱ्याच्या फोनवर. त्याने चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवली. त्याची जागा आणीबाणीच्या दाराजवळ होती, पाय ऐसपैस पसरता येतील अशी. मुलाने त्यासाठी वेगळे पैसे भरले होते. तिची जागा शेवटच्या ओळीत, मधली. तिला वाटलं वाचण्यात काही चूक झाली. तिने फोन हातात घेऊन पाहिला. चूक नव्हती.

मुलाला विचारलं तर तो म्हणाला, बाबांचे पाय सुजतात, त्यांना गर्दी सोसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी चांगली जागा घेतली. दोघांची घ्यायची तर फार झालं असतं. "तुझं काय गं आई," तो म्हणाला, "तू कुठेही ॲडजस्ट होतेस."

तिने बरं म्हणून फोन ठेवला. समोर नवरा खुर्चीत रेलून बसला होता. खुर्ची जरा खोल होती आणि त्याच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. तो बोलताना पाय हलवायचा, लहान मुलासारखे. इतकी वर्षं ती ते पाय बघत आली होती. त्या दिवशी मात्र तिला तिकडे बघवेना.

जेवताना तिने विषय काढला. अहो, आपण जागा बदलू या का? तुमची मला, माझी तुम्हाला. त्याने आधी नियम सांगितले, की तिकीट ज्याच्या नावावर त्यानेच बसायचं असतं. ती म्हणाली, नवरा-बायकोत कोण बघतं. मग त्याने भावना सांगितल्या, की पोराने प्रेमाने घेतलंय, त्याला काय वाटेल. शेवटी ताटाची कड पुसत तो म्हणाला, "हे बघ, अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने."

"अंथरूण तुम्हाला दिलंय," ती म्हणाली, "आणि पाय मला."

त्याला ते आवडलं. तो खूप हसला, आणि संध्याकाळी गल्लीत दोघा-तिघांना सांगूनही आला, आमची ही काय बोलते बघा म्हणून. आपण रागावून बोललो तर त्याचा चुटका होतो, हे तिला नवीन नव्हतं. पण या वेळी आग गुडघ्याशी थांबली नाही. तिचे पडदे तिने घडी घालून बॅगेत भरले, बॅगेवर बसून चेन लावली, आणि तेव्हाच ठरवलं की विमानतळावर आपण स्वतः बोलायचं.

ती आयुष्यात दुसऱ्यांदा विमानात बसणार होती. पहिल्या खेपेला, मुलाच्या लग्नाच्या वेळी, ती गुडघे पुढच्या पाठीला टेकवून बसली होती. पुढच्या माणसाने खुर्ची मागे टाकली तेव्हा तिच्या तोंडून किंकाळीच निघाली होती, आणि त्या माणसाने वळून पाहिलं होतं ते असं, की तिनेच त्याला लाथ मारली. उतरल्यावर बराच वेळ तिला चालता येत नव्हतं. नवरा तेव्हा म्हणाला होता, तुझं वयही होत चाललंय आता.

काउंटरवर एक तरुण मुलगी बसली होती. तिने मान वर न करता बॅगा वजनाला घ्यायला सांगितल्या, मान वर न करता चिठ्ठ्या चिकटवल्या. शिडीने तिला विचारलं, कडेची एखादी जागा मिळेल का, म्हणजे निदान एक पाय तरी बाहेर ठेवता येईल. मुलगी म्हणाली, या तिकिटात जागा निवडता येत नाही. हवी असेल तर पैसे भरून घ्यावी लागेल.

"मुली, जरा वर बघ," शिडी म्हणाली.

मुलीने पाहिलं. आधी शिडीच्या छातीपाशी पाहिलं, कारण बाकीच्यांचं तोंड तिथे असतं, आणि मग आणखी वर पाहिलं. तिचा चेहरा जरा मऊ झाला. मॅडम, मला कळतंय, ती म्हणाली, पण कॉम्प्युटरच घेत नाही, मी काय करू.

काउंटरची फळी शिडीच्या कमरेच्या जरा वर येत होती. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, पण तिला पलीकडचा कॉम्प्युटरचा पडदा स्पष्ट दिसत होता. विमानाचा नकाशा होता, आणि त्यात कडेच्या कितीतरी जागा रिकाम्या. तिने बोट दाखवून विचारलं, या रिकाम्याच आहेत ना.

"रिकाम्या आहेत," मुलगी म्हणाली, "पण विकायच्या आहेत."

त्या मुलीवर राग काढण्यात अर्थ नव्हता, हे शिडीला समजत होतं, आणि म्हणून तो आणखी वाढला. ती स्वतः दुकानात काम करत होती. गिऱ्हाइकाला आखूड कापड देऊन, पूर्ण हवं तर वरचे पैसे टाका असं मालकाने कधी सांगितलं असतं तर लोकांनी दुकान फोडलं असतं. इथे शहाणीसुरती माणसं रांगेत उभी राहून पाय कापून घेत होती आणि वर आभार मानत होती. तिने मागे वळून नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं, तर तो रांग सोडून पार खांबापाशी गेला होता आणि विमानांच्या वेळांच्या फलकाकडे असा लक्ष देऊन बघत होता, की ही बाई कोण ते त्याला माहीतच नाही.

मुलीने हळू आवाजात सांगितलं, दारं बंद झाल्यावर कुठे जागा उरली तर आतल्या लोकांना विचारून बघा, कधी कधी देतात. शिडीने मान डोलावली आणि ती खांबाकडे गेली. झालं का तुझं, नवऱ्याने विचारलं. लोक बघत होते, असंही तो म्हणाला.

विमानात शिरताना तिला नेहमीसारखं वाकावं लागलं, आणि आत गेल्यावरही मान वर करता येईना. नवऱ्याची ओळ मध्यावर होती. तो ऐटीत आत सरकून दाराला लागून बसला आणि त्याने आपली बॅग तिच्याकडे दिली. वरचा कप्पा त्याच्या हाताला लागत नव्हता, लागला असता तरी खांदा होताच. तिने बॅग उचलून वर ठेवली. तिच्या पुढची रांग अडली होती, म्हणून ती तिथेच, त्या दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत थांबली. पुढची खुर्ची इतकी लांब होती की मध्ये एक लहान टेबल मावलं असतं. नवऱ्याचे बूट त्या मोकळ्या जागेत लोंबत होते. जमिनीला टेकत नव्हते.

तेवढ्यात हवाईसुंदरी आली. बांधेसूद, घट्ट अंबाडा, आवाजात शिक्षकी करडेपणा. त्या ओळीत बसणाऱ्यांना तिने समजावून सांगायला सुरुवात केली. काही संकट आलं तर हे दार तुम्हाला उघडावं लागेल. ही मूठ अशी ओढायची, अख्खं दार उचलून बाहेर टाकायचं. दार चांगलं जड असतं, भरलेल्या सुटकेसएवढं. तुम्ही ते करू शकाल ना?

बाकीच्यांनी हो म्हटलं. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि गल्लीत सांगत त्याच सुरात सांगितलं, "माझा खांदा धरलेला आहे, हात वर जात नाही. असली कामं आमच्याकडे ही करते."

तो स्वतःच हसला, आणि शेजाऱ्याने हसावं म्हणून त्याच्याकडे वळला. हवाईसुंदरी हसली नाही. तिने विचारलं, ही म्हणजे कोण. साहेबांनी हात करून दाखवलं. शिडी दोन ओळींच्या मध्ये, कप्प्याखाली मान तिरकी करून उभी होती. हवाईसुंदरीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, मग यांनाच इथे बसावं लागेल, तुम्हाला नाही बसता येणार.

साहेबांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी पैसे भरल्याचं सांगितलं. मग मुलगा काय करतो ते सांगितलं. मग, मी गंमत केली, मला उचलता येतं असं म्हणाले. हवाईसुंदरी म्हणाली, हात वर जात नाही असं तुम्ही आत्ताच सांगितलंत, आता मी ऐकलं नाही असं मला धरता येणार नाही, इतक्या लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. मागे रांग तुंबली होती. कुणीतरी म्हणालं, काका, चला ना. आणि पाणीखात्यातल्या फायलींवर आयुष्यभर नियमावर बोट ठेवून सह्या नाकारलेला माणूस, नियमावर बोट ठेवलं गेल्यावर, काही सुचेना म्हणून बायकोकडे बघू लागला.

तिने काहीतरी बोलावं, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मला नको, यांनाच बसू दे. तिची ती वाक्यं अगदी तयार असत. जीभ उचलली की आपोआप पडत.

हवाईसुंदरीने तिला विचारलं, "तुम्ही उचलू शकाल?"

"उचलीन," ती म्हणाली.

साहेब तिच्या अंगावरून, शर्ट सावरत, मागे गेले. बॅग वरच राहिली. ती दाराला लागून बसली, पट्टा लावला आणि पाय पुढे केले. आणखी पुढे केले. ते कुठेच लागले नाहीत. गुडघा पूर्ण सरळ झाला, टाच लांब जाऊन टेकली, आणि तरीही पुढे जागा उरली. शेजारचा माणूस केव्हाच डोळे मिटून बसला होता. विमान धावायला लागलं.

पाय लांब केले की राग उतरेल, असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. विमान वर गेलं आणि राग जो चढायला लागला तो थांबेना. जोवर पाय दुमडलेले होते तोवर ते असेच असतात असं ती धरून चालली होती. आता ते मोकळे झाले होते आणि तिला कळत होतं, की इतकी वर्षं नुसतं दुखत होतं. शाळेचा बाक दुखला होता. दुकानाचा माळा दुखत होता. फुटपाथच्या खालून चालताना मान दुखायची. यातलं काही कुणी मुद्दाम केलं नव्हतं, आणि मुद्दाम न करता जे चालू राहतं त्याची तक्रार कुठे करायची ते तिला कधी सापडलं नव्हतं. समोरच्या खिशातलं दार कसं उघडायचं ते सांगणारं कार्ड तिने काढलं आणि सगळी चित्रं नीट पाहिली. तिला खरोखर वाटलं, उघडावं लागलं तर किती बरं होईल. मग त्या विचाराची तिला भीती वाटली आणि तिने कार्ड जागेवर ठेवलं.

वाटेत नवरा आला. शेवटची ओळ संडासाला लागूनच होती, तेव्हा त्या निमित्ताने पुढे यायचं त्याला काही कारण नव्हतं. तो तिच्या ओळीपाशी उभा राहिला आणि झोपलेल्या माणसावरून वाकून हलक्या आवाजात म्हणाला, की मागे दोन्ही बाजूंना दांडगट माणसं आहेत, कोपरं मारतात, वासही येतो. जरा वेळ बदलू या का?

"इथे दार आहे," ती म्हणाली. "तुमचा खांदा दुखतो."

तो वाकलेला सरळ झाला. मग गेला.

मुलगा घ्यायला आला होता. गाडीत साहेब पुढे बसले आणि काही बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत हे सगळ्यांना कळेल अशा रीतीने बोलले नाहीत. घरी सुनेने दार उघडलं, पाणी दिलं. घर मोठं होतं, उजेडाने नुसतं भरलेलं. पडदे नसल्याने समोरच्या इमारतीतली माणसं जेवताना दिसत होती. मुलाने विचारलं, प्रवास कसा झाला बाबा, आरामात ना. तेव्हा साहेबांनी सांगितलं. सांगितलं असं, की जणू विमान सुटायच्या आधी बायकोने त्यांना हाताला धरून उठवलं.

मुलगा हसला. मग आईकडे वळून, लाडाने, मान हलवत म्हणाला, "आई, तू पण ना. बाबांना मागे बसवलंस?"

आग पोचली. इतक्या वर्षांची वाट तोडून ती मस्तकाला जाऊन भिडली, आणि शिडी उठून उभी राहिली. त्या घराचं छत चांगलं उंच होतं. ती पूर्ण सरळ उभी राहिली, आणि मुलगा, जो बापावर गेला होता, त्याला मान वर करावी लागली.

ती ओरडली नाही. तिने विचारलं, की तिकिटं काढलीस तेव्हा माझे पाय कुठे जातील, असं एकदा तरी मनात आलं का. मुलगा गोंधळला. तो म्हणाला, अगं, तू कधी काही म्हणालीच नाहीस, तुला त्रास होतो असं. तू तर नेहमी म्हणतेस, मला चालेल.

"म्हणते," ती म्हणाली. "खरंच चालेल का, असं तू कधी विचारलंस? आणि बोलायला कशाला हवं रे? मी दिसत नव्हते? या घरात सगळ्यात आधी दिसते ती मीच. लांबून दिसते. परकी माणसं वळून वळून बघतात. माझ्या पोटच्या पोराला तेवढी दिसत नाही."

सून ट्रे धरून उभी होती. साहेब म्हणाले, जाऊ दे आता, एवढ्याशा गोष्टीवरून. ती त्यांच्याकडे वळली. एवढीशी गोष्ट होती तर उठताना तुमचं तोंड का उतरलं होतं, असं तिने विचारलं. एवढीशी होती म्हणूनच तर मागितली होती. जेवताना, साध्या शब्दांत मागितली होती, आणि तुम्ही ती गल्लीत चुटका म्हणून वाटलीत. तिचा आवाज फाटला. तिला रडायचं नव्हतं, रडलं की त्यांचं काम सोपं झालं असतं, म्हणून ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली आणि गजाला धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने पडदे लावले. मुलगा दबकत म्हणाला होता, आई, राहू दे, मी बोलावतो कुणाला तरी. तिने सांगितलं, शिवलेत मी, दुसऱ्या कुणी वाकडे टांगलेले मला बघवणार नाहीत. पण रॉडचं दुसरं टोक धरायला तिने त्याला स्टुलावर उभं केलं. एरवी तिला कुणी धरायला लागत नसे. ती खुणा तपासत राहिली, पातळी पुन्हा पुन्हा बघत राहिली, आणि तो हात वर करून उभा होता. त्याचे दंड थरथरायला लागले तरी तिने उतर म्हटलं नाही. सगळे पडदे लागल्यावर खोलीत थंड, राखाडी उजेड पसरला. मुलाने दंड चोळत म्हटलं, छान झालेत. ती म्हणाली, झालेत.

सासू-सून दोघीच असताना सुनेने सांगितलं, की ती तेव्हाच म्हणाली होती, आईंचीही चांगली जागा घेऊ या. यांनीच नको म्हटलं. हे कळलं नसतं तर बरं, असं शिडीला वाटलं. पण सून कामासाठी सारखी विमानाने फिरायची आणि तिच्याही तिकिटाला कंपनी फार पैसे देत नसे, तेव्हा तिला सगळ्या खाचाखोचा माहीत होत्या. तिने लॅपटॉप उघडून समजावलं. आई, जागा फुकट निवडायची वेळ कधी उघडते ते बघून ठेवायचं आणि उघडल्या उघडल्या घ्यायची, मागाहून फक्त मधल्या उरतात. तुमच्यासाठी कडेची, आणि पुढच्या भागातली. शेवटची ओळ कधी नको, तिथली पाठ मागे जात नाही. आणि काउंटरवर जाऊन विचारायचंच, नाही म्हणाले तरी आत जाऊन पुन्हा विचारायचं. विचारायला लाजायचं नाही.

शिडीने मन लावून ऐकलं. परतीच्या वेळी ती स्वतः लॅपटॉपसमोर बसली, चष्मा लावून, एका बोटाने. सून शेजारी उभी होती, पण तिने हात लावला नाही. पुढच्या भागात एक कडेची जागा हिरवी दिसत होती. शिडीने तिच्यावर बोट दाबलं आणि तिचं नाव तिथे उमटलं.

साहेब मागून बघत होते. त्यांनी विचारलं, माझी?

तिने सांगितलं, तुमचं तिकीट तुमच्या फोनवर आलंय, बघा तुमचं तुम्ही. त्यांनी फोन काढला, चष्मा पुसला, खूप वेळ कुठेतरी दाबत राहिले. मुलाला हाक मारायला कमीपणा वाटला असावा. शेवटी, विमानतळावर बघू, असं म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. विमानतळावर त्यांना मधली मिळाली, मागची.

विमानात ते तिच्या ओळीपाशी येऊन थांबले. हातात बॅग होती. त्यांनी वरच्या कप्प्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती उठली नाही. उठायला पायांनी आपोआप जोर केला होता. तिने मांड्यांवर हात दाबून धरले आणि समोर बघत राहिली. तिला त्यांची दया येत होती आणि त्या दयेचाही राग येत होता. मागच्या एका उंच पोराने बॅग घेऊन वर टाकली. साहेब त्याला थँक्यू म्हणाले आणि पुढे गेले.

जागा काही फार चांगली नव्हती. पुढची पाठ जवळ होतीच. उजवा गुडघा तिला टेकलेलाच होता. पण डावा पाय बाहेर, वाटेत सोडता येत होता, आणि तिने तो सोडला. जाणारे-येणारे अडखळत होते. एका बाईने, पाय आत घ्या ना जरा, असं फणकाऱ्याने म्हटलं. शिडीने तिला सांगितलं, आत जागा नाही. बाई पुटपुटत ओलांडून गेली.

मग चहाची गाडी आली. गाडी ढकलणाऱ्या माणसाने आधी विनंती केली, मग गाडीचा कोपरा तिच्या गुडघ्यापाशी आणून थांबवला. तिने पाय आत घेतला, दोन्ही हातांनी उचलून, दुमडून. गाडी खडखडत पुढे गेली आणि तिने पाय पुन्हा बाहेर ठेवला.